चंद्र फिरवून दाखव
विज्ञान सर्वांचे : लेखांक 7

गेल्या दोन लेखांकांत डिस्लेक्सिया, एडीएचडी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांना चित्रे, ध्वनी आणि चित्रफिती वापरून विज्ञान कसे शिकवता येते, ते पाहिले. त्यात मूल पाहत होते, ऐकत होते. आज कॅमेरा त्याच्या हातात द्यायचा आहे.

‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा एक छोटा माहितीपट 1987 साली अमेरिकेत तयार झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी अशा 23 जणांना त्यात साधे प्रश्न विचारले आहेत: ऋतू का बदलतात, चंद्राच्या कला का दिसतात. 21 जणांनी चुकीचे स्पष्टीकरण दिले, आणि तेही अगदी सफाईदार भाषेत. याच माहितीपटात नववीतली एक मुलगी आहे. शिक्षिकेच्या मते ती वर्गातली हुशार मुलगी. तिला पृथ्वीचा मार्ग काढून दाखवायला सांगितल्यावर तिने चक्क वेटोळी काढली. नुसत्या बोलण्यातून ही वेटोळी कुणाच्या लक्षात आली नसती.

हा माहितीपट करणाऱ्यांपैकी मॅथ्यू श्नेप्स यांना स्वतःला डिस्लेक्सिया आहे. ते खगोलशास्त्राचे अभ्यासक. पुढे त्यांनी डिस्लेक्सिया आणि दृश्य माध्यमातून शिकणे यांच्या नात्यावर संशोधन केले. छोट्या पडद्यावर एका ओळीत दोन-तीनच शब्द दिसले तर डिस्लेक्सिया असलेल्या काही मुलांचे वाचन सुधारते, असे त्यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले.

आपल्याकडे प्रश्नाचे उत्तर म्हणजे लिहिलेले उत्तर. ‘चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून कला दिसतात’ असे लिहिले की दोन गुण मिळतात, मग डोक्यातला चंद्र कसाही फिरत असो. याउलट ज्याला चंद्र नीट कळला आहे पण ज्याच्या जोडाक्षरांची मोडतोड होते, त्याच्या वहीवर लाल शाई पसरते. अशी वही शुद्धलेखन तपासते. विज्ञान तपासले गेले, असा फक्त आपला समज होतो.

म्हणून स्टॉप-मोशन. वस्तू जराशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठातले गॅरी होबन यांनी वर्गासाठी याचे सोपे रूप रुळवले. त्याला ते ‘स्लोमेशन’ म्हणतात. सेकंदाला दोनच फोटो, त्यामुळे एका मिनिटाच्या फितीला 120 फोटो पुरतात. शाडूची माती, बॅटरी, शिक्षकांचा जुना फोन आणि एक फुकट अ‍ॅप, एवढ्यात काम भागते.

चंद्राच्या कलांवर अशी फीत करायला बसलेल्या मुलाचा विचार करा. पृथ्वीची सावली पडून कला होतात, ही समजूत फार खोल रुजलेली असते. मूल टेबलावर सूर्य ठेवते, पृथ्वी ठेवते, आणि कोरीचा फोटो काढायला चंद्र घेऊन निघते. कोर कुठे दिसते? बीजेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसते, म्हणजे आकाशात सूर्याच्याच बाजूला. पृथ्वीची सावली मात्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. ती या चंद्रापर्यंत पोचणार कशी? लिहिताना ही अडचण एका वाक्यात झाकून जाते. फोटो काढताना ती टेबलावर समोर उभी राहते, आणि कॅमेरा पृथ्वीच्या जागी ठेवून पुन्हा पाहिल्याशिवाय मुलाला पुढे जाता येत नाही. मूल इथे अडले की शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. या कामातला सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे.

प्रत्येक मुलाची गरज वेगळी. डिस्लेक्सिया असलेले मूल आपल्या आवाजात निवेदन भरू शकते. चुकले तर तेवढाच तुकडा पुन्हा, आणि वर्गासमोर अडखळण्याची धास्ती नाही. स्वमग्न मुलाला चेहरा किंवा आवाज द्यायचा नसेल तर आग्रह धरू नये. फितीत हात दिसले तरी पुरे, आणि टंकलेले वाक्य फोन मराठीत वाचून दाखवतो. पार्श्वसंगीत टाळावे. काही मुलांना ते अक्षरशः सहन होत नाही, आणि समजण्यात त्याची मदतही होत नाही. एडीएचडी असलेल्या मुलाला 120 फोटोंचा डोंगर दाखवू नये. आधी एका कागदावर सहा चौकोन आखून गोष्ट चितारून घ्यावी, मग एका बैठकीत एक चौकोन. बारीक हालचाली अवघड जाणाऱ्या मुलाला जोडीदार द्यावा: सरकवायचे त्याने, कुठे आणि किती हे सांगायचे याने.

‘पण बोर्डाच्या परीक्षेत व्हिडिओ चालणार का?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पात्र मुलांना लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा मिळतात, आणि त्या सवलती मिळवायलाच हव्यात. तरी त्या उत्तराचा लेखी साचा बदलत नाहीत. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात मात्र तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प या साधनांना जागा आहे, आणि अशी फीत तिथे बसते. माझा आग्रह आहे की शाळांनी ती जागा हक्काने वापरावी, आणि सगळ्याच मुलांसाठी वापरावी. एकट्या त्या मुलाला वेगळे काम दिले की ते शिक्षेसारखे दिसते.

गुण देताना फितीची सफाई पाहू नये. प्रकाश कुठून येतो ते बरोबर आहे का, चंद्राचा अर्धा भाग प्रत्येक फोटोत उजळलेला आहे का, आणि ‘असे का?’ विचारल्यावर मूल फितीतल्या नेमक्या जागी थांबून दाखवते का, हे पाहावे. या तिसऱ्या प्रश्नासाठी मुलाला पुरेसा वेळ द्यावा. उत्तर बोट दाखवून आले तरी पूर्ण गुण द्यावेत.

पुढील लेखांकात : चव, वास आणि स्पर्शातून रसायनशास्त्र.