ब्लीचच्या शेजारची बाटली

शाळेचा पांढरा सदरा, आजोबांचे धोतर, टॉवेल, पलंगपोस यांसाठी अनेक घरांत ब्लीच वापरले जाते. त्यात गैर काही नाही. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. बेताने वापरल्यास ते डाग घालवते, जंतूही मारते. वाचकहो, मला काळजी वाटते ती त्याच्या शेजारी ठेवलेल्या ॲसिडच्या बाटलीची.

आपल्याकडे कपडे धुण्याची मोरी आणि संडास बहुधा एकमेकांना लागूनच असतात. बादलीत कपडे ब्लीचमध्ये भिजत असताना फरशीवर ॲसिड ओतले आणि बादलीतले पाणी त्यात सांडले, की क्लोरीन वायू निर्माण होतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे शत्रुसैन्यावर सोडला गेला तो हाच वायू. मोरीतले त्याचे प्रमाण अर्थातच पुष्कळ कमी असते. परंतु जागा चिंचोळी, दार लोटलेले, आणि घरात एखादा दमेकरी असला तर तेवढेही पुरते. 'दोन औषधे एकत्र केली की दुप्पट स्वच्छ होते' ही समजूत घातक आहे. लिंबू आणि व्हिनेगर हीदेखील आम्लेच, हे विसरू नये.

बाळाची दुपटी आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या चादरी यांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. मूत्रातील अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइन हे दाहक वायू तयार होतात. म्हणून असे कपडे आधी साध्या पाण्यातून दोनदा खळबळून घ्यावेत.

ब्लीच नेहमी थंड पाण्यात, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळावे. पाणी आधी, ब्लीच नंतर. गरम पाण्यात ते विघटित होते, आणि वाफेचा त्रास होतो तो वेगळाच. हातांत रबरी मोजे असावेत, दार-खिडकी उघडी असावी. रेशीम व लोकर यांना ते मुळीच लावू नये. बोअरच्या पाण्यात लोह असेल, तर पांढरे कपडे उलट पिवळे पडतात. तेथे ब्लीच वाढवून उपयोग नाही.

मोरीत वायूचा उग्र वास आला, तर आधी बाहेर पडावे, साफसफाई नंतर. खोकला थांबला तरी रुग्णाकडे काही तास लक्ष ठेवावे, कारण फुफ्फुसांची सूज उशिराही येते. धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. डोळ्यांत ब्लीच गेल्यास नळाच्या वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळे धुवावेत आणि मगच डॉक्टरांकडे निघावे.

राहता राहिली साठवण. सुटे ब्लीच किंवा ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मला सर्वांत भयंकर वाटते. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, वास नाही. मूळ बाटलीतच, घट्ट झाकण लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ती ठेवावी. आणि ॲसिड त्याच फळीवर नको. मुलाने घोट घेतलाच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. वर येताना तेच द्रव्य अन्ननलिका पुन्हा भाजते. 'उतारा' म्हणून लिंबाचा रसही देऊ नये. तोंड पाण्याने स्वच्छ करावे, मुलाला थेट रुग्णालयात न्यावे आणि ती बाटली सोबत घ्यावी.