जमिनीचा वसंत

मराठीतल्या बागकामाच्या पुस्तकांत फुलझाडांचं वेळापत्रक बहुधा ठरलेलं असतं. थंडीच्या तोंडावर फ्लॉक्स, पिटुनियाची रोपं करा आणि फाल्गुनापर्यंत फुलं घ्या. बागेतला फ्लॉक्स मूळचा टेक्सासचा, पिटुनिया दक्षिण अमेरिकेतला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण इथल्या रानफुलांचा हंगाम शोधायचा, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवावं लागतं.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, आणि तो झाडांचा आहे. पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, कारण त्यांची मुळं खोलवर ओलीपर्यंत पोहोचलेली असतात. त्याच वेळी खालची जमीन भाजून निघत असते. तिचा वसंत येतो रोहिणी संपता संपता, मृगाच्या तोंडावर. दोन सरी पडल्या की आठवड्याभरात कातळाच्या कडेला, करवंदीच्या जाळ्यांत फुलं दिसू लागतात: काळ्या मुसळीच्या इवल्या पिवळ्या चांदण्या, पांढऱ्या मुसळीचे तुरे, पुढे रानहळद आणि कळलावी. इतक्या लवकर, कारण ही सगळी कंदवाली मंडळी. गेल्या पावसात पानांनी तयार केलेलं अन्न कंदात साठलेलं असतं, त्या शिदोरीवर ती फुलतात. गवत कमरेएवढं वाढलं की छोट्या फुलाला ना ऊन मिळतं, ना त्याच्याकडे कीटक फिरकतात. त्याआधीचे तीन-चार आठवडे त्यांचे.

मी बदलापूरला राहते. वनस्पतिशास्त्राचं माझं शिक्षण शाळेपुरतंच. बाकीचं शिकले ते टेकड्यांवर फिरून, भाजीवाल्या बायकांना विचारून आणि फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा १९५३चा ग्रंथ शब्दकोश घेऊन वाचत. याच सांतापावांनी फर्नांडिस यांच्यासह १९५५ साली पांढऱ्या मुसळीच्या एका जातीला बोरिवलीचं नाव दिलं: क्लोरोफायटम बोरिविलियानम. पुढे शक्तिवर्धक म्हणून या मुळांना इतकी मागणी आली, की रानांतून ती बेसुमार उपसली गेली. तिची शेती सुरू झाली ती त्यानंतर.

शेवळाची गोष्ट थोडी वेगळी. जूनमध्ये ठाण्या-कल्याणच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात. सीकेपी घरांत त्याची कणी होते, आणि घशाला खाज येऊ नये म्हणून सोबत आंबट काकडं लागतात. आपण भाजी म्हणून घेतो तो खरं तर फुलोरा: जांभळट खोळ आणि तिच्या आतला दांडा. पान नंतर येतं, एकच, छत्रीसारखं. फुलोरा खुडला तर त्या वर्षीचं बी जातं, पण कंद जमिनीत राहतो, पान येतं आणि पुढल्या वर्षीची बेगमी होते. म्हणून जुडी विकणाऱ्या बाईला रान ओरबाडणारी म्हणणं मला पटत नाही. माझ्या घरामागची टेकडी जेसीबीने सपाट झाली तेव्हा कंदच मुरुमाबरोबर ट्रकमधून गेले. तिथे आता पार्किंग आहे.

ही फुलं घरी लावण्याची माझी खटपट तेव्हापासूनची. कुंड्यांनी टेकडी परत येत नाही, हे मलाही कळतं. पण मुलांना कळलावी चित्रात दाखवावी लागू नये, एवढं तरी साधतं.

रानातून कंद खणून आणू नयेत. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा, दोन टोकांचा. कोंब टोकाशीच असतो आणि ते टोक खणताना सहज मोडतं. मोडलं की तेवढा कंद वाया. बी घ्यावं. आश्विन-कार्तिकात तिच्या शेंगा उकलतात, आत लालभडक बिया असतात. दोन शेंगा घ्याव्यात, बाकीच्या तिथेच राहू द्याव्यात. बियांपासून फूल यायला काही वर्षं जातात. घरात लहान मूल असेल तर मात्र कळलावी नको. तिच्यात कोल्चिसिन असतं, आणि कंद पोटात गेला तर जिवावर बेततं.

कुंडी मातीची आणि खोल हवी. मी निम्मा बारीक मुरूम, बाकी पालापाचोळ्याचं खत आणि थोडी माती घेते. शेणखत भरपूर घातलं तर पानं माजतात आणि कंद सडतो. पण खरी कसोटी पाणी घालण्याची नाही, न घालण्याची आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा ही झाडं पिवळी पडू लागलेली असतील. तेव्हा पाणी हळूहळू तोडायचं, वाळलेली पानं आपोआप गळू द्यायची आणि कुंडी पावसापर्यंत सावलीत कोरडी ठेवायची. सहा-सात महिने तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. घरातलं कुणी तरी रिकामी समजून त्यात कोथिंबीर टाकतं, रोज पाणी घालतं, आणि कंद कुजतो. कुंडीत एक काठी रोवून तिला नावाची पट्टी बांधावी.

मे संपताना कुंडी उघड्यावर आणावी. पहिला पाऊस तिच्यावर थेट पडू द्यावा, नळाचं पाणी नको. शेवळाची कुंडी तेवढी खिडकीपासून लांब ठेवा: फुलोरा उमलला की माश्या आणि भुंगेऱ्यांना बोलावण्यासाठी त्याला कुजल्या मांसासारखा वास सुटतो, आणि दोन दिवस शेजारी विचारत राहतात की उंदीर कुठे मेला आहे.