एक टपाल झालें, एक नियम केव्हां?

निजामी अमदानींत औरंगाबादेंतून पत्र धाडतांना तिकीट कोणतें लावावें, हा पहिला प्रश्न असे. १८६९ पासून हैदराबाद संस्थानचीं तिकिटें निराळीं होतीं व तीं संस्थानच्या हद्दींतच चालत; पुण्याच्या पत्रास ब्रिटिश हिंदुस्थानचें तिकीट लागे. १ एप्रिल १९५० रोजीं तें टपाल भारतीय टपालांत विलीन झालें.

आज गारखेड्यांतील निवृत्त गृहस्थापुढें तीच अडचण दुसऱ्या रूपानें उभी आहे. राज्याचे दाखले 'आपले सरकार'वर, हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'वर, पासवर्डहि तितकेच! आमच्या परिचयाचे कांहीं वृद्ध ते पंचांगाच्या मागें लिहून ठेवतात. बरें, २०१७ पासून 'डिजिलॉकर'मध्यें सरकारी खात्यानें दिलेला कागद केंद्राच्या नियमान्वयें मूळ प्रतीसारखाच ग्राह्य आहे. तरीहि एका कचेरींत आम्हांस "झेरॉक्स आणा" असें उत्तर मिळालें आणि भर उन्हांत परतावें लागलें.

दोष केवळ कारकुनाचा नव्हे. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें ९ वें कलम पाहावें: सरकारी खात्यानें कागद इलेक्ट्रॉनिक रूपांतच स्वीकारावा, असा आग्रह धरण्याचा हक्क त्या कायद्यानें नागरिकास दिलेला नाहीं. एक कायदा वाट दाखवितो आणि तोच दार लोटून घेतो! तें कलम पालटून केंद्राच्या व राज्यांच्या सर्व खात्यांस एकच नियम लावणें, हें दिल्लीचें काम होय. टपालाचें तिनें १९५० सालीं केलें होतें.