नाव कोणी घेतलं?

तांड्यातला माणूस तापाने फणफणत राहिला, औषधपाण्याला गुण येईना, की नायकापुढे बोलणं निघायचं. मग चार जण जानत्याकडे, म्हणजे भगताकडे निघायचे. त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नसत. आधी त्याची परीक्षा व्हायची. झाडाचं बी झाकून पुढ्यात ठेवायचं आणि ते कोणत्या झाडाचं, हे त्याने न पाहता सांगायचं. अशा खुणा पटल्या की त्याचा शब्द प्रमाण. त्याने एखाद्या बाईचं नाव घेतलं की निकाल लागलाच. तिला संपवायचं काम नवऱ्यावर, बापावर किंवा भावावर यायचं. नकार दिला तर दंड.

हे वर्णन वऱ्हाड पोलिसांतल्या कम्बरलेज या अधिकाऱ्याने बंजारा समाजावर लिहिलेल्या टिपणात येतं. टिपण मूळ १८६९ च्या सुमाराचं, १८८२ मध्ये पुन्हा छापलेलं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात ते वापरलं. वऱ्हाडातलाच आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला. बंजारा समाजाचं श्रद्धास्थान असलेलं पोहरादेवी याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात. त्यामुळे हे टिपण वाशीमकरांसाठी परक्या मुलखाचं नाही.

मात्र ते जपूनच वाचायला हवं. लिहिणारा पोलीस, आणि ज्यांच्यावर लिहिलं तशा भटक्या जमातींवर लवकरच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा लादला जाणार होता. चेटकिणीचा संशय ही एकट्या बंजाऱ्यांची गोष्ट कधीच नव्हती. १८७० चं वऱ्हाड गॅझेटियर संपादित करणारे आल्फ्रेड लायल यांनी निदान कारणाकडे बोट दाखवलं होतं: भटकं, बेभरवशाचं जगणं, ताप, संधिवात, आमांश. मी त्यात आणखी एक भर घालेन. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्यांचा पिढीजात धंदा मोडत गेला. पोट आणि प्रकृती एकाच वेळी धोक्यात आली की माणूस दोषी शोधतो, आणि जिच्या बाजूने कोणी उभं राहत नाही अशी बाई आधी सापडते.

इंग्रजांआधीचं राज्य काय करत होतं? अठराव्या शतकातली मराठी कागदपत्रं तपासणारे अभ्यासक न. के. वागळे दाखवतात की पेशवाईत दुसऱ्यावर भूत घालणं हा सरकारदरबारी गुन्हा मानला जाई. म्हणजे करणी खरी, आणि ती करणारी व्यक्ती गुन्हेगार. युरोपातही तेच होतं. तिथल्या खटल्यांत चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा आजचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य बाया. इंग्लंडने १७३५ मध्ये हा गुन्हाच पुसून टाकला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही करणी नावाचा गुन्हा नव्हता. मारणारा तेवढा खुनी. बदल मोठाच, तरी अपुरा. बाई मेल्यावर कायदा जागा व्हायचा. जानत्याने नाव घेतलं त्या घटकेला कायद्याच्या हाती काहीच नव्हतं.

ती घटका अडवायचं काम आधी माणसांनी केलं. वऱ्हाडातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या शेतकऱ्याला साधे सवाल टाकून नवससायास आणि बळीप्रथेचा फोलपणा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. १९८२ मध्ये नागपुरात श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्यासाठी त्यांचा जीव जावा लागला, याची चीड मला आजही येते.

या कायद्याची अनुसूची प्रत्येक ग्रामपंचायतीत मोठ्याने वाचली जावी असं मला वाटतं. अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई पसरते, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हाच आता गुन्हा आहे. म्हैस आटली म्हणून शेजारणीवर घेतलेला आळ थेट कायद्याच्या मजकुरात आला! शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी ‘दक्षता अधिकारी’ म्हणून नेमायची तरतूदही आहे. आता नाव घेणारा आरोपी.

कागदावर. वाशीम, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिव हे महाराष्ट्रातले चार जिल्हे २०१८ मध्ये केंद्राने ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे पडलेले, ठरवले; आरोग्य आणि शिक्षण हेही त्यामागच्या निकषांत होते. दवाखाना लांब असला की देवऋषी जवळचा होतो. मे २०२४ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात एक बाई आणि एक पुरुष जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळले गेले. वाशीमशेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या रेट्याखेडा गावात, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सत्याहत्तर वर्षांच्या आजीला बांधून मारलं, धिंड काढली. आरोप खुद्द गावच्या पोलीस पाटलावर आला. पहिल्या तक्रारीच्या नोंदीत जादूटोण्याचा आणि धिंडीचा उल्लेखच नव्हता. मुलगा आणि सून जानेवारीत अमरावतीला पोलीस अधीक्षकांपर्यंत गेले, तेव्हा कुठे २०१३ च्या कायद्याची कलमं त्या प्रकरणात लागली.