दोन बहिणींची हिंमत आणि रंगीत केसांचा धंदा

केस हा तसा घरातला विषय. तेल, फणी, वेणी, अंबाडा यापलीकडे आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. पण बाईच्या केसांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न जुना आहे. आपल्याच महाराष्ट्रात विधवेचे केस तिला न विचारता उतरवले जात. या दुष्ट रूढीविरुद्ध १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, वस्तरा खाली ठेवला. माणसाने स्वतःचे रूप स्वतः ठरवणे ही चैन नव्हे, हे त्या कष्टकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.

आज आम्ही वाचक भगिनींना जी हकिकत सांगणार आहोत, ती मात्र सातासमुद्रापलीकडची आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराची.

टिश आणि स्नूकी बेलोमो या दोघी सख्ख्या बहिणी. गाण्याचा नाद दोघींनाही. ब्लाँडी हा पुढे जगभर गाजलेला वाद्यवृंद तेव्हा नुकताच उभा राहत होता, त्यात या दोघी मागे उभ्या राहून साथ करीत. त्या काळी तरुणांमध्ये 'पंक' नावाचे वारे वाहत होते. महागडी वाद्ये नकोत, तालीम घेतलेला गळा नको. जे मनात आहे ते मोठ्याने म्हणा, फाटके कपडे असतील तर तेच दिमाखाने मिरवा, असा त्याचा खाक्या होता. बहिणी जुन्या बाजारातून स्वस्त कपडे आणीत, त्यांना आपल्या मनाप्रमाणे वळण देत. लोक विचारू लागले, हे कुठे मिळते?

या विचारण्यातूनच धंदा सुचला. ७ जुलै १९७७ रोजी सेंट मार्क्स प्लेस या रस्त्यावर त्यांनी छोटेसे दुकान थाटले. नाव 'मॅनिक पॅनिक'. हे नाव त्यांच्या आईने सुचवले होते. काळ मोठा कठीण होता. दोनच वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या दारात उभी होती. दुकान उघडून आठवडाही झाला नव्हता तोच १३ जुलैच्या रात्री अवघ्या शहराची वीज गेली, आणि अंधारात कित्येक वस्त्यांतून दुकाने लुटली गेली. अशा दिवसांत दोन मुलींनी दुकान चालवायचे म्हणजे गंमत नव्हे!

दुकानात कपडे होते, जोडे होते, आणि होते इंग्लंडहून मागवलेले केसांचे रंग. जांभळा, निळा, हिरवा, भडक गुलाबी. हेच रंग पुढे त्यांच्या धंद्याचा कणा ठरले.

यात नवे काय होते, ते समजून घेतले पाहिजे. केस रंगवणे नवे नव्हते. १९५६ मध्ये अमेरिकेतील क्लेरॉल कंपनीने घरच्या घरी एका टप्प्यात लावता येणारा रंग आणला, तेव्हा त्या जाहिरातीचा सारा रोख एकच होता : बाईने केस रंगवले आहेत की नाहीत, हे कोणाला कळू नये. म्हणजे रंग होता लपवण्यासाठी. बेलोमो बहिणींनी रंग विकला तो दाखवण्यासाठी. निळे केस निसर्गात कोणाचेच नसतात. ते लावणारी सरळ सांगते, "होय, मी रंगवले आहेत, आणि मला आवडले म्हणून रंगवले आहेत."

लोक हसले, नावे ठेवली. पण गिऱ्हाईक वाढत गेले. गायिका सिंडी लॉपर त्यांपैकीच एक. १९८९ मध्ये दुकानाची जागा हातची गेली. अनेकांचा धंदा इथेच बुडतो. या बहिणींनी मात्र घाऊक विक्रीवर भर दिला आणि पुढे क्वीन्स भागातील लाँग आयलंड सिटीत बस्तान बसवले. प्राण्यांवर चाचणी केलेला माल विकायचा नाही, हा नेम त्यांनी पाळला. एके काळी ज्यांना वेडगळ म्हटले, तेच रंग आता मोठमोठ्या कंपन्याही विकतात.

आता थोडे आपल्या उपयोगाचे. आपल्या अनेक मुली पार्लरमध्ये कामाला आहेत, काहींनी घरातच खुर्ची-आरसा मांडून धंदा सुरू केला आहे. त्यांनी रंगाचा स्वभाव ओळखावा. भडक रंग बहुधा केसाच्या वरच्या थरावरच बसतो आणि धुता धुता काही आठवड्यांत उतरतो. आपल्या काळ्याभोर केसांवर तो उठून दिसत नाही, म्हणून आधी ब्लीच करावे लागते. ब्लीच केसाचा मूळ रंग काढते, पण केस कोरडा आणि ठिसूळही करते. टाळूवर जखम असेल तर ते मुळीच लावू नये.

कायम टिकणाऱ्या काळ्या-तपकिरी रंगांत बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. 'काळी मेंदी' म्हणून जे विकले जाते, त्यातही ते पुष्कळदा असते. काहींना त्याची जबर ॲलर्जी होते. डोळे सुजतात, कातडी सोलवटते. म्हणून कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. आधी कधी त्रास झाला असेल, तर चाचणीच्याही फंदात न पडता तो रंग कायमचा टाळावा. भुवया आणि पापण्यांना रंग कधीच लावू नये. आणि जी मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्याला रंग लावते, तिने हातमोजे घातलेच पाहिजेत. हात सोलले म्हणजे रोजगारच बुडाला. मोजे देणे हे मालकिणीचे काम आहे, आणि ते मागायला मुलींनी लाजू नये.

मुलीने केसांची एखादी बट लाल करून घेतली, तर घरात लगेच आकांत मांडला जातो. आई-वडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आधी तिला चाचणी केलीस का ते विचारा. रागवायचेच असेल तर त्यानंतर रागवा. आणि तिला या कामात खरोखरच गोडी असेल, तर ते रीतसर शिकू द्या, हिशेबाची वही ठेवायला शिकवा. बेलोमो बहिणींकडे सुरुवातीला मोठे भांडवल नव्हते. आपल्याला काय आवडते हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि लोक हसले म्हणून त्यांनी दुकान बंद केले नाही.