रुग्णालयाच्या अंगणातली वाळू

29 ऑक्टोबर 1855. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातलं रुग्णालय. त्याच्या अंगणात अडीच मीटर उंचीचं एक नळकांडं उभं केलं आहे, आतून 35 सेंटिमीटर रुंद. तळाशी जाळी, जाळीवर सोन नदीच्या वाळूचा 58 सेंटिमीटर जाडीचा थर. वरून दाबाचं पाणी सोडायचं, वाळूतून झिरपू द्यायचं आणि मिनिटाला किती लिटर खाली उतरतं ते हौदात मोजायचं. दाब दाखवायला वर आणि खाली पाऱ्याच्या नळ्या.

पण पारा एका जागी ठरत नव्हता. रुग्णालयात नळ पुष्कळ होते. कुठेतरी तोटी उघडली, कुठे बंद झाली की नळ्यांतला पारा थरथरायचा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा टिपून मधला काढायचा आणि पुढच्या मोजणीकडे वळायचं, असं चाललं होतं.

हा प्रयोग मांडणारा आंरी दार्सी तेव्हा 52 वर्षांचा होता आणि आजारी होता. तब्येतीमुळेच नोकरीतल्या जबाबदाऱ्या उतरवून तो आपल्या गावी परतला होता. ज्या नळांनी त्याचा पारा हलत होता, ते गावात आणणारा माणूसही तोच. दार्सीच्या तरुणपणी दिजाँचं पाणी घाण होतं, उथळ विहिरींचं. खोल भोक पाडून पाहिलं, तेही पुरलं नाही. मग दार्सीने रोझ्वारचा झरा निवडला आणि 12.7 किलोमीटर लांबीच्या बंदिस्त कालव्यातून तो शहरात आणला. 1840 च्या सप्टेंबरात पाणी पोचलं. या कामाचा मोबदला त्याने घेतला नाही. 1848 च्या क्रांतीनंतर राजकारणाने त्याला गावाबाहेर काढलं, तरी गावाने त्याला मनातून काढलं नव्हतं.

आता त्याला एक जुना प्रश्न सोडवायचा होता. शहराला गाळलेलं पाणी द्यायचं, तर वाळूची गाळणी किती मोठी बांधायची? कारागीर अंदाजाने बांधत. वाळूतून पाणी नेमकं कशाच्या हिशोबाने जातं, ते कुणी मोजून मांडलेलं नव्हतं.

सोबतीला शार्ल रिटर हा इंजिनिअर होता. 29 ऑक्टोबर, 30 ऑक्टोबर आणि 2 नोव्हेंबर, असे तीन दिवस दोघे आकडे टिपत राहिले. पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब 1.11 मीटर असताना मिनिटाला 3.60 लिटर पाणी उतरलं. 2.36 मीटरला 7.65 लिटर. चार मीटरला बारा. दाब वाढवत 10.89 मीटरपर्यंत नेला, तेव्हा 29.40 लिटर.

या आकड्यांवर जरा थांबावंसं वाटतं. पाइपमधून जोरात वाहणाऱ्या पाण्याचा दाब दुप्पट केला, तर पाणी दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपटीच्या आसपास जातं. पाइपांचा हा हिशोब दार्सीइतका फार थोड्यांनी अभ्यासला असेल. वाळूत मात्र सरळ व्यवहार दिसत होता. दाब दुप्पट, तर पाणी जवळजवळ दुप्पट. दाबाच्या प्रत्येक मीटरमागे साधारण तीन लिटर. अगदी तंतोतंत नाही: सुरुवातीला 3.25 होतं, शेवटी 2.70 वर आलं. पण थरथरत्या पाऱ्याकडे पाहता हा मेळ आश्चर्यकारक होता. पुढे थराची जाडी वाढवून पाहिली, 1.14 मीटर, मग 1.71. जाडी वाढली तसा पाझर घटला. 1856 च्या फेब्रुवारीत रिटरने खालचा दाबही बदलून पाहिला. नियम तोच.

पाझर हा दाबातल्या फरकाच्या आणि थराच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, जाडीच्या व्यस्त प्रमाणात. उरला एक आकडा, तो त्या वाळूचा स्वतःचा. भरड वाळूचा मोठा, बारीकचा लहान. चिकणमातीचा तर इतका लहान, की पाणी जणू अडूनच बसतं.

हा नियम दार्सीने 1856 मध्ये छापला, तोही एका जाडजूड ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या एका टिपणात. ग्रंथ होता दिजाँच्या सार्वजनिक कारंज्यांवर. जगभरच्या भूजलशास्त्राचा पाया एका गावच्या नळयोजनेच्या परिशिष्टात पडला होता. 1858 च्या जानेवारीत दार्सी गेला. त्याच्या हयातीत या टिपणाचं मोल किती जणांना कळलं असेल, याची मला हळहळ वाटते. त्याचाच देशबांधव ज्यूल द्युपुई याने 1863 मध्ये तो नियम विहिरीला लावला: मधोमध उपसा, चारी बाजूंनी पाझरत येणारं पाणी आणि विहिरीकडे उतरत जाणारी भूजलाची पातळी.

तिथून ही गोष्ट आपल्या शिवारात येते. आपल्याकडे विहीर खणायची म्हटलं की आजही पाणाड्या येतो, हातात नारळ किंवा काडी घेऊन. पाणी लागलं तर नशीब, नाही लागलं तरी नशीब. कर्ज काढून खणलेल्या कोरड्या विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला नशिबाची गोष्ट सांगण्याइतकं क्रूर काही नाही, असं मला मनापासून वाटतं. पाण्याला वाट लागते, आणि ती वाट मोजता येते.

दख्खनचा कातळ म्हणजे सोन नदीची वाळू नव्हे, हे खरं. इथे पाणी मुरमाच्या थरातून, कातळाच्या सांध्यांतून आणि भेगांतून फिरतं. एका बांधावर पाणी, तर शेजारच्या बांधावर खडखडाट. म्हणूनच दार्सीचा तो शेवटचा आकडा, त्या त्या थराचा स्वतःचा, इथे पुस्तकातून घेऊन चालत नाही. तो त्या विहिरीवरच काढावा लागतो.

पाझराचा हा हिशोब जमिनीच्या वरच्या थरातही आला. 1907 मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने छापलेल्या अभ्यासात एडगर बकिंगहॅमने तसाच हिशोब अर्धवट ओल्या मातीसाठी मांडला. कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असलेली माती. आपले शेतकरी तिच्या या अवस्थेला वाफसा म्हणतात आणि मूठभर माती दाबून ओळखतात. माती जसजशी सुकते तसतशी पाण्याची वाट अरुंद होते, हे बकिंगहॅमने दाखवलं. ठिबकच्या तोटीतून पडलेलं पाणी खाली किती जाईल आणि आडवं किती पसरेल, याचं गणित याच वाटेने बांधलं गेलं.

विहिरीवरची चाचणी मात्र साधी असते. सकाळी उपसा सुरू करायच्या आधी फीतपट्टी सोडून पाणी किती खोल आहे ते लिहायचं. मग पंप चालवायचा आणि ठरावीक मिनिटांनी पातळी किती उतरली ते टिपत राहायचं. याला उपसा चाचणी म्हणतात, पण खरी गंमत पंप बंद केल्यावर असते. आवाज थांबतो. काठावर माणूस वही घेऊन बसतो, घड्याळ बघतो, पट्टी सोडतो. पहिल्या मिनिटाला पाणी किती चढलं. दुसऱ्या मिनिटाला किती. पाचव्या मिनिटाला किती. खाली काळोखात चारी बाजूंच्या मुरमातून पाणी विहिरीत उतरत असतं आणि वहीत आकड्यांची ओळ खाली खाली जात असते.