जुळवाजुळवीचे इंजिन : माप कसे जमते?

● प्रमाण : 'एचओ' रेल्वे मॉडेल १:८७, तर अमेरिकी 'ओ' मॉडेल १:४८.

● रूळ : एचओच्या रुळांतील अंतर १६.५ मिमी. त्याला ओ प्रमाणाच्या ४८ ने गुणले की ७९२ मिमी; म्हणजे अडीच फुटी (७६२ मिमी) नॅरोगेजच्या जवळपास. एचओच्या रुळांवर ओ मॉडेल, या मिश्र पद्धतीचे नाव 'ओएन-थर्टी'.

● जुळणी : खाली एचओ इंजिनाची मोटर, गिअर आणि चाके, वर ओ प्रमाणातली केबिन, धुराडे, दिवा. बॉयलरला पितळी नळी चालते.

● आधी मोजा : मोटरची उंची. ती बॉयलरमध्ये मावली पाहिजे.

● आपल्याकडे : १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटीच होती. तिच्या इंजिनाचे मॉडेल करायचे असेल, तर हेच प्रमाण निवडा.